परसातील केळ आणि नीरेचे पाणी

वसंतातल्या व्याख्यानात इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा तलवारीची, तहाची, निदान एखाद्या जुन्या सनदेची असते. आम्ही बारामती-इंदापूरच्या परसातील केळीविषयी बोलणार असे कळल्यावर एका स्नेह्याने आम्हांस विचारले, 'हे इतिहासाचे व्याख्यान की माळीकामाचे?' दोन्हींचे, असे आम्ही त्यांस सांगितले. आणि आता लिहिताना वाटते की ते उत्तर थट्टेचे नव्हते. ज्या मुलखात पाऊस वर्षाला सरासरी वीस इंचांच्या आसपास घुटमळतो आणि एखाद्या वर्षी तेवढाही पडत नाही, त्या मुलखात केळीसारखे पाण्याचे झाड घराच्या मागे उभे असेल, तर त्याला ते पाणी कोठून मिळाले, कोणी दिले आणि केव्हापासून, हे विचारणे म्हणजे इतिहासच विचारणे आहे.

केळीला झाड म्हणण्याची आपली रीत आहे, पण ते झाड नव्हे. जे खोड आपण पाहतो ते पानांच्या देठांचे एकावर एक बसलेले पदर. त्यालाच आपण सोपट म्हणतो आणि त्याच्या दोऱ्यांत फुलांचे हार ओवतो. खरे खोड जमिनीत कंदाच्या रूपाने असते. केळ निसवायची वेळ आली म्हणजे त्या कंदातून एक दांडा पदरांच्या मधून वर चढतो आणि माथ्यावर केळफूल घेऊन बाहेर पडतो. तो बाहेर पडल्यावर नवे पान येत नाही. जी पाने असतील त्यांच्यावरच घड पोसावयाचा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात केळीच्या या पोकळ, हलक्या पदरांचा आणि त्यांतून येणाऱ्या रसाळ फळाचा दृष्टान्त आला आहे. परसात केळ पाहिल्यावाचून तो सुचावयाचा नाही, असे आम्हांस नेहमी वाटते.

पाने मोठी, मुळे उथळ, म्हणून केळीला तहान फार. भर उन्हाळ्यात घड पोसणाऱ्या एका केळीला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. म्हणजे घरातल्या दीड-दोन कळश्या. बारामतीची कऱ्हा उन्हाळ्यात कशी दिसते हे आपण सर्व जाणता. नीरा आणि भीमा या मोठ्या नद्या खऱ्या, पण त्यांचे पाणी काठच्या मळईपुरते. बाकीच्या गावांत विहीर, मोट आणि आभाळ. अशा ठिकाणी शेतात केळ लावणे हे धाडसच होते. परंतु घराच्या मागे न्हाणी असते, आणि न्हाणीचे पाणी कोठेतरी जावेच लागते. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे व खरकट्या भांड्यांचे जेवढे पाणी मोरीतून बाहेर पडते, त्यात दोन-तीन केळी सुखाने वाढतात. ज्या गावात पिण्याचे पाणी मैलावरून आणावे लागे, तेथेही एकाच पाण्यात अंग धुऊन झाले, भांडी झाली आणि केळही वाढली. या मुलखातील बायकांनी पाण्याचा हा हिशेब कोणत्याही पाटबंधारे खात्याच्या आधी बसवून ठेवला होता. त्याची नोंद कोणी केली नाही, कारण ते घरकाम.

शिवाय फळ हे केळ लावण्याचे एकमेव कारण नव्हते. कित्येक घरांत ते पहिलेही नव्हते. पान हवे असे. सणाला, श्राद्धाला, पाहुणा आला तर. सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खांब हवे असत. मंगळागौरीला, लग्नाच्या मांडवाला केळ हवीच. केळफुलाची भाजी आठवड्याचा पालट म्हणून. घड पिकला तर शिकरण, आणि उरले तर शेजारी फणी-फणी वाटणी. सगळ्या गावात दोनच घरी केळ असेल तर त्या दोन घरांच्या मालकिणींचा मान काही निराळाच असे.

आता कागद पाहू. इंदापूर तालुक्याला हिंदुस्थानच्या महसुली इतिहासात एक जागा आहे, आणि ती तालुक्यातल्या लोकांस फारशी ठाऊक नसते. पेशवाई गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगल याने जी पाहणी केली तिचा सारा इतका जड झाला की जमिनी ओस पडू लागल्या. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नवी पाहणी सुरू केली. ती पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली आणि मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. तिचे मर्म असे की जमीन चांगली की वाईट हे पाटलाच्या तोंडी सांगण्यावर ठेवावयाचे नाही, तर काही खुणा पाहून ठरवावयाचे. मातीचा रंग पाहावा, खोली मोजावी. चुनखड, वाळू, उतार, उपळ असे दोष आढळतील तर प्रत्येक दोषाला एक पायरी खाली उतरावे. आणि शेवटी सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रतींपैकी एक प्रत लावावी. नाव काहीही असो, खुणा काय सांगतात ते लिहा. हा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण केळीकडे वळताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या पाहणीत शेताचा चप्पा न् चप्पा मोजला गेला. जिराईत, मोटस्थळ, पाटस्थळ, सर्व वेगळे लिहिले. परंतु गावठाणातील जागा शेतसाऱ्याच्या हिशेबात येत नसे, आणि परस गावठाणात. म्हणजे ज्या तालुक्यातील मातीचे वर्णन सबंध इलाख्यात सर्वांत बारकाईने झाले, त्याच तालुक्यातील न्हाणीमागची केळ सरकारी कागदात कोठेच नाही. इतिहास लिहिणाराची ही नेहमीची अडचण आहे. कर नाही तेथे कागद नाही.

पुढील पन्नास वर्षे या भागाला कठीण गेली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर माणसे लावण्यासाठी जी मोठी कामे निघाली त्यांत नीरेचा डावा कालवा होता. खोदणारे बहुतेक या आणि आसपासच्या तालुक्यांतले भुकेले शेतकरीच. वेळवंडीवर भाटघरचे धरण, वीर येथे नीरेवर बंधारा आणि तेथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैल कालवा. १८८५ पासून त्याला पाणी सुटू लागले.

आज कालव्याकाठचा ऊस पाहणारास खरे वाटणार नाही, पण आरंभी हे पाणी घेण्यास शेतकरी पुढे येत नसत. पाणीपट्टी भरून पाणी घ्यावयाचे, आणि नेमका पाऊस चांगला पडला तर पैसे वाया गेले, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. सासवडकडील माळी मंडळींना बागाईत ठाऊक होते, खत कसे द्यावे, ऊस कसा गाळावा हे ठाऊक होते. ती मंडळी कालव्याच्या काठाने खाली सरकली, जमिनी खंडाने घेतल्या आणि गुऱ्हाळे पेटवली. आमचा समज असा आहे की या स्थलांतराबरोबर केळीचे मुनवेही आले. लेखी पुरावा आमच्यापाशी नाही. पुरावा आहे तो तोंडी, आणि त्याचा एक मासला पुढे देतो. कंद हा प्रवासाला फार सोयीचा. ओल्या गोणपाटात गुंडाळला तर गाडीत आठ दिवस टिकतो, आणि नव्या घराची न्हाणी बांधून होईपर्यंत मातीत कोठेही रोवून ठेवता येतो.

कालव्याने पाणी आणले तसा रोगही आणला. काळ्या, खोल, निचरा नसलेल्या जमिनीत उसाला भरमसाट पाणी मिळू लागले, भूगर्भातले पाणी वर चढले आणि वर येताना क्षार घेऊन आले. डॉ. हॅरोल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी तम्हाणे यांच्यासह १९१० मध्ये नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाटाचे पाणी मोजून द्यावे, उसाला ठरावीक वाटाच मिळावा आणि बाकी क्षेत्रात दुसरी पिके यावीत अशी ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर त्याआधीच, या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केली होती. तथापि पाणी भरपूर असले की हात आवरत नाही. १९२८ मध्ये भाटघरचे नवे मोठे धरण पुरे झाले, १९३४ मध्ये वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. जमीन कोठे सोन्याची झाली, कोठे मिठाची.

अशा वेळी केळ काय करते ते पाहण्यासारखे आहे. क्षार केळीला उसापेक्षाही कमी सोसतात. शेतात ऊस अजून बरा दिसतो तोवर परसातील केळीच्या पानाची कड करपू लागते, पाने पिवळी होऊन अरुंद येतात, घड लहान राहतो. कालव्याखालच्या एका गावात आम्हांस एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले की त्यांच्या वडिलांनी घरामागची केळ दोनदा मेली तेव्हाच चर खणावयास घेतला. शेजाऱ्यांनी पाच वर्षांनी घेतला. त्यांची जमीन वाचली. शेजाऱ्यांपैकी काहींची चोपण झाली.

आता नावांकडे येऊ, कारण खरी पंचाईत येथे आहे. जुन्या माणसांच्या तोंडी केळीची दहा-पंधरा नावे येतात: सोनकेळ, मुठेळी, वेलची, लाल वेलची, तांबडी, राजेळी, लोखंडी, बनकेळ, बसराई, हरिसाल. यांतील बहुतेक नावे कोकणची. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात वसईच्या बागांतील जाती म्हणून बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळ ही नावे आली आहेत. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची. त्यांचा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादांत केळ्याला हिंदुस्थानचे अंजीर म्हटले आहे. आगाशी-वसईची सुकेळी राजेळीची करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी चाखून पाहिले असेल. पण कोकणचे नाव घाट चढून देशावर आले म्हणजे ते त्याच केळीला लागते असे मुळीच नाही. एका गावची सोनकेळ दुसऱ्या गावची वेलची असते. बाजारात तर लहान फळाला सरसकट वेलची म्हणतात. जुन्या जमाखर्चात 'केळी' असा एकच शब्द येतो, आणि त्यावरून जातीविषयी अनुमान करणारा इतिहासकार वाळूत घर बांधतो. आम्हीही तरुणपणी तसे एक बांधले होते. असो.

शास्त्रज्ञांची स्थितीही फार काळ याहून बरी नव्हती. लिनीअसने १७३६ मध्ये हॉलंडातील क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या काचघरात केळ फुलल्याबद्दल एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. अरबी 'मौज' या शब्दावरून आलेले 'मूसा' हे नाव त्याने केळीला दिले. पुढे त्याने भाजीच्या केळ्याला एक आणि खाण्याच्या केळ्याला 'ज्ञान्यांची' या अर्थाचे दुसरे अशी दोन नावे ठेवली. हिंदुस्थानातील ऋषी हे फळ खातात असे प्राचीन रोमन ग्रंथकारांनी लिहून ठेवले होते त्याची ती आठवण. नावे सुंदर, पण त्यांनी घोटाळा दोनशे वर्षे वाढवला, कारण त्या दोन वेगळ्या जाती नव्हत्याच. १९५५ मध्ये त्रिनिदादच्या उष्णकटिबंधीय शेतकी महाविद्यालयातील सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी गाठ सोडवली. लागवडीतील बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून झाल्या: मूसा अक्युमिनाटा आणि मूसा बाल्बिसियाना. काही केवळ पहिलीच्या, बाकीच्या दोहोंच्या संकराच्या. कोणत्या केळीत कोणाचा अंश किती, हे ठरविण्यासाठी त्यांनी पंधरा खुणा घेतल्या. खूण पहिलीसारखी असेल तर एक गुण, दुसरीसारखी असेल तर पाच, मधली असेल तर दोन, तीन किंवा चार. बेरीज पंधरापासून पंचाहत्तरपर्यंत कोठेतरी येते. पंधरा ते तेवीस आली तर ती केळ निव्वळ पहिलीची. चोवीस ते शेहेचाळीस म्हणजे पहिलीचे दोन वाटे व दुसरीचा एक. एकूणपन्नासच्या जवळ म्हणजे दोहोंचा एकेक वाटा. एकोणसाठ ते त्रेसष्ट म्हणजे दुसरीचे दोन वाटे.

हे वाचले तेव्हा आम्हांस इंदापूरची पाहणी आठवली. तीच रीत: नाव विचारू नका, खुणा मोजा, बेरीज करा. विंगेटच्या कारकुनांनी मातीला आणे लावले, त्रिनिदादच्या दोघांनी केळीला गुण लावले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. परंतु नावांच्या गलबल्यात सापडलेला प्रामाणिक माणूस शेवटी त्याच वाटेला लागतो.

या खुणांपैकी निम्म्याअधिक घरच्या घरी पाहता येतात. पानाचा देठ आडवा कापावा. त्याच्या पन्हळीच्या कडा बाहेर उघडलेल्या आणि खाली पंखासारख्या पसरलेल्या असतील तर ती पहिलीची खूण. कडा आत वळून पन्हळ मिटू पाहत असेल तर दुसरीची. खोडावर काळे-तपकिरी डाग दाट असतील तर पहिली, खोड स्वच्छ असेल तर दुसरी. घडाच्या दांड्यावर लव आहे की तो गुळगुळीत आहे, ते बोट फिरवून पाहावे. केळफूल आल्यावर मुख्य परीक्षा. त्याचे जांभळे पदर एकेक उघडतात; उघडून मागे गुंडाळले जातात ते पहिलीचे, नुसते उचलले जातात ते दुसरीचे. पदराचे टोक अणकुचीदार की बोथट. आतला रंग बुडाकडे पिवळट होत जातो की शेवटपर्यंत लालभडक राहतो. आतली नरफुले मळकट पांढरी की गुलाबी झाक असलेली. हे सर्व पाहून लिहून ठेवावे. कोवळे फळ चिरून आतल्या बीजाणूंच्या रांगा पाहावयाच्या त्या मात्र भिंग घेऊन. त्या कप्प्यात दोन सरळ रांगा असतात, नाहीतर चार वेड्यावाकड्या.

बेरीज हाती आल्यावर ठळक जाती ओळखणे कठीण नाही. बसराई ठेंगणी, पुरुषभर उंचीची; देठ आखूड, पाने दाट, आणि घडाखालच्या दांड्यावर वाळलेली फुले व पदर चिकटून राहतात. हरिसाल तिच्याच कुळातली, पण उंच, आणि तिचा दांडा बहुधा उघडा. तांबडीचे खोडच तांबडे, तीत चूक होत नाही. मात्र रोपवाटिकेतून आणलेल्या साध्या रोपाच्या कोवळ्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके असतात ते पाहून तांबडी मिळाली असे समजू नये, ते ठिपके पुढे जातात. लाल वेलचीच्या पानाची मधली शीर खालून गुलाबी असते. राजेळीची फळे मोठी, कोनदार, घडात मोजकी. बनकेळ भाजीची, खोड हिरवेगार, जाड सालीचे कोनदार फळ, आणि बेरीज साठच्या घरात. पांढरी वेलची उंच, पाने उभी, फळ बोटाएवढे, साल कागदासारखी. सोनकेळ व मुठेळी या रसाळ वर्गातील; दक्षिणेत जिला रस्ताळी म्हणतात तिच्या जवळच्या.

लावणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण व्याख्यानानंतर प्रश्न तेच आले. मुनवा निवडताना तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड आणि वर निमुळता, तीन-चार महिन्यांचा घ्यावा. लहानपणीच रुंद छत्रीसारखी पाने येतात तो पाणमुनवा. तो दिसतो छान, पण त्याचा कंद दुबळा असतो. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा, त्यात कुजलेले शेणखत. मृगात लावावे किंवा पाऊस संपल्यावर, कडक थंडी टाळून. न्हाणीचे पाणी थेट बुंध्याशी सोडू नये. वीतभर दूर आळे करून त्यात सोडावे. साबण व सोडा अलीकडे फार झाला आहे, म्हणून मधूनमधून चांगले पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढावे. केळ निसवेपर्यंत बाजूचे मुनवे जमिनीलगत कापीत जावे, निसवल्यावर एकच ठेवावा. शेवटची फणी मोकळी झाल्यावर केळफूल कापून भाजीला घ्यावे. ज्यांना जात ओळखावयाची आहे त्यांनी आठ-दहा दिवस धीर धरावा. उंच केळीला बांबूचा टेकू हवाच. वैशाखातल्या एका वावटळीने पोसलेला घड आडवा झालेला पाहणे फार वाईट असते.

आता ज्या बसराईला आपण आपली म्हणतो तिचीही कथा ऐका. दक्षिण चीनकडून मॉरिशसला आणि तेथून इंग्लंडला गेलेली अशीच एक ठेंगणी केळ १८३५ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात पॅक्स्टन नावाच्या त्याच्या माळ्याने फुलविली. ड्यूकच्या घराण्याचे नाव कॅव्हेंडिश, म्हणून केळही कॅव्हेंडिश. आपली बसराई त्याच कुळातली. तेव्हा ती श्रीमंतांची हौस होती. व्यापारात सत्ता होती ग्रो मिशेल या दुसऱ्या जातीची. पुढे पनामा रोग आला. जमिनीतली ही बुरशी मुळातून शिरते, जुनी पाने आधी पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात, खोड उभे चिरते, आणि कंद कापला तर आत तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसते. १९६० च्या सुमारास ग्रो मिशेलचा व्यापार बुडाला आणि कॅव्हेंडिशने तिची जागा घेतली, कारण त्या बुरशीला ती दाद देत नव्हती. सोनकेळ-मुठेळीचा वर्ग मात्र त्याच रोगाला फार लवकर बळी पडतो. बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. केळ उपटली तरी परस निर्दोष होत नाही. ज्या घरांत 'आमच्याकडे पूर्वी फार गोड केळ होती, मग लागेचना' असे सांगतात, तेथे काय झाले असेल याचा तर्क यावरून करता येतो.

१९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले. भीमेकाठची इंदापूर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, आणि त्यांच्याबरोबर सर्वांत जुनी मळईची परसे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. परस वर येत नाही. उठलेल्या माणसांनी भांडी नेली, देव नेले, काहींनी केळीचे कंदही नेले. त्याच धरणाच्या फुगवट्याकाठी आज इंदापूर आणि पलीकडे करमाळा तालुक्यात केळीच्या मोठमोठ्या बागा उभ्या आहेत, आणि त्यांतील केळी परदेशी जातात. ती जात ग्रँड नैन, लोकांच्या तोंडी जी-नाइन. तीही कॅव्हेंडिशच. १९९० नंतरच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने प्रयोगशाळेत वाढविलेली तिची रोपे शेतकऱ्यांस दिली, ठिबकावर ती फोफावली, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. त्याला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि मैलच्या मैल एकाच केळीची नक्कल लावलेली असते, आणि पनामा रोगाचा जो नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडीत नाही तो बिहार व उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आहे. म्हणून बाहेरगावचा मुनवा प्रेमाने दिला तरी कंद कापून पाहिल्यावाचून परसात लावू नये. आमच्या लहानपणी हा सल्ला उद्धटपणाचा ठरला असता.

शेवटी तो मासला. बारामती तालुक्यात डाव्या कालव्याखालच्या एका गावी एका आजींच्या घरामागे केळीचे बेट आहे. आजींचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. केळ कोठली म्हणून विचारले तेव्हा म्हणाल्या, "आमच्या आत्याबाईंनी सासवडास्नं आणली. कालव्यावर रान घेतलं तवा जातं आलं, देव आलं आन् ही केळ आली. सोनकेळ हाय ही." आत्याबाई म्हणजे सासूबाई. केळ निसवलेली नव्हती. आम्ही देठ कापून पाहिला, खोड पाहिले, टिपून घेतले, आणि केळफूल आल्यावर निरोप धाडण्यास सांगून परतलो.

निरोप चैत्रात आला. आम्ही दोन दिवस राहिलो. पदर कसे वळतात ते सकाळ-संध्याकाळ पाहिले, नरफुले पाहिली, आजींच्या अडकित्त्याने कोवळे फळ चिरून भिंगाखाली धरले. ओट्यावर बसून बेरीज केली. सत्तेचाळीस. शेहेचाळीसपर्यंत असती तर सोनकेळ म्हणता आली असती. एकूणपन्नास असती तर वेलची. पाने उभी, म्हणून मन वेलचीकडे झुकत होते. फळाची जाडी सोनकेळीकडे ओढीत होती. आम्ही पुन्हा मोजले. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस आले.

आजी इतका वेळ दारात बसून पाहत होत्या. "मास्तर, एवढं मोजून काय निघालं?" त्यांनी विचारले. घड पिकल्यावर चव पाहून सांगतो, असे आम्ही म्हणालो. "मग आधीच खायचं हुतं की," म्हणाल्या, आणि नातसुनेला हाक मारून कुदळ आणावयास सांगितली. बेटाच्या उगवतीचा मुनवा त्यांनी स्वतः दाखविला. कंद आम्ही त्यांच्यासमोरच कापून पाहिला. आत पांढरा स्वच्छ होता. आता तो आमच्या न्हाणीमागे आहे, आणि परवा त्याला सातवे पान आले.